मोटरीचा आवाज आणि भरतीची वेळ

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. आमची इंजिनिअर कंपनी घाटावरच्या छावणीत होती आणि त्या पावसाळ्यात पूरमदतीसाठी तयार राहण्याचा हुकूम आमच्याकडे होता. मी तेव्हा हवालदार होतो. सोळा वर्षांची सर्व्हिस झाली होती. गाव पेणच्या खारेपाटातलं, खाडीच्या काठावरचं. वडील भातशेती करायचे आणि हंगामात मिठागरावर जायचे.

आता मी निवृत्त आहे आणि रोह्याजवळच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. तिथल्या नव्या इंजिनिअर मंडळींनी मला विचारलं की, फौजेत माणसं एकमेकांकडून शिकतात कशी, त्यावर काही सांगाल का. मी भाषण करणारा माणूस नाही. जे झालं ते सांगतो.

छावणीतला दिवस ठरलेला असे. साडेपाचला पीटी, आठला परेड, साडेआठपासून बोटी आणि मोटरी. बोटीच्या मागे लावायच्या मोटरीला आम्ही ओबीएम म्हणतो. ती उतरवायची, चढवायची, उघडायची, जोडायची. दुपारी तलावावर सराव. चार वाजता चहा, आणि चहाबरोबर 'गोल'.

गोल हा कॅप्टन मेनन यांनी सुरू केला. वय अठ्ठावीस, कंपनीत येऊन सहा महिने झालेले. काम संपलं की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि आज काय दिसलं ते सांगायचं. नियम तीन. सर्वांत कनिष्ठ माणूस आधी बोलणार. साहेब शेवटी बोलणार. आणि गोलात कबूल केलेल्या चुकीबद्दल कुणाला शिक्षा नाही. मी सगळं एका रजिस्टरात लिहून घ्यायचो. पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडलं नाही. मग एका नव्या सॅपरने, म्हणजे इंजिनिअर दलातल्या साध्या जवानाने, सांगितलं की दोर भिजला की आपण शिकवतो ती गाठ सुटत नाही, कापावी लागते. साहेबांनी दुसऱ्या दिवशी गाठ बदलली. त्यानंतर गोल संपवणं अवघड होऊ लागलं.

एकच माणूस बोलायचा नाही. नाईक यशवंत शेळके. सांगलीकडचा, कृष्णाकाठचा. मोटरीचा त्याच्यासारखा जाणकार मी पाहिला नाही. मोटर बंद पडायच्या आधी त्याला कळायचं. पाण्यावर असताना तो अचानक थ्रॉटल सोडायचा, मोटर उचलायचा, पंख्याला गुंडाळलेलं गवत काढून टाकायचा आणि पुन्हा चालू करायचा. बाकीच्यांना तोवर काही झाल्याचाही पत्ता नसायचा. साहेबांनी मला सांगितलं, शेळकेला जे येतं ते मला रजिस्टरात हवं आहे.

मी त्याला विचारलं, "तुला कळतं कसं?"

तो म्हणाला, "वाजतंय की. तुमास्नी ऐकू येत न्हाई?"

तीन आठवडे मी त्याच्यामागे होतो. प्रश्न विचारले की तो कोड्यात पडायचा. त्याला खरंच सांगता येत नव्हतं. मध्ये मला चार दिवसांची रजा मिळाली. माझी धाकटी बहीण पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तिला भेटायला गेलो. ओळीने दोनशे मूर्ती मांडलेल्या, सगळ्या अजून बिनडोळ्यांच्या, आणि दुपारचा उजेड पत्र्यातून त्यांच्यावर पडलेला. तिथे बसलं की माणसाला आपण जागे आहोत की नाही असं वाटतं. बहीण एका नव्या मुलीला शिकवत होती. बोलत काही नव्हती. मुलीच्या हातात ब्रश होता आणि तिच्या हातावर बहिणीचा हात. दोघी मिळून एकच डोळा काढत होत्या.

मी परत गेलो आणि शेळकेला म्हणालो, बोलू नकोस, मोटर चालव. मी त्याच्या हातावर हात ठेवून हँडल धरलं आणि डोळे मिटले. तलावावर तासन् तास आम्ही असे फिरलो. पाचव्या-सहाव्या दिवशी हाताला पहिल्यांदा कळलं. गवत अडकायच्या वेळी आवाज मोठा होत नव्हता, पातळ होत होता. हँडलातली थरथर मनगटातून कोपराकडे सरकत होती. मी म्हणालो, "पातळ झाला." शेळके हसला. "व्हय. त्येच तर." त्या दिवशी गोलात तो पहिल्यांदा बोलला, आणि पुढच्या दहा दिवसांत रजिस्टराची अकरा पानं त्याच्या बोलण्याने भरली. हळूहळू कंपनीतले आठ जण आवाज ओळखू लागले. संध्याकाळी तलावावर मोटर चालू असली की लंगरात पोळ्या लाटणारासुद्धा मान वर करून म्हणायचा, शेळके नाही, दुसरं कुणी आहे.

हुकूम आला तेव्हा पहाट होत होती. अंबा नदीला पूर, नागोठण्याच्या खालच्या अंगाला वस्ती पाण्यात. साडेपाचला गाड्या निघाल्या. दोन बोटी, चार मोटरी, बावीस माणसं. घाट उतरताना ढग रस्त्यावर आले होते. मी माझ्याच मुलखात सरकारी कामावर उतरत होतो. सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दहा वाजता आम्ही पाण्याच्या कडेला पोहोचलो. ते दृश्य मला अजून झोपेत दिसतं. पाऊस थांबलेला. ऊन नाही, सावली नाही, नुसता पांढरा उजेड. जिथे शेतं असायची तिथे पिवळसर पाणी, आणि त्यातून विजेचे खांब चालत चालत लांब गेल्यासारखे. एका घराच्या कौलांवर बगळा उभा होता. कुठल्यातरी देवळाची घंटा पाणी हलेल तशी हलत असावी, कारण मध्येच एक टोला यायचा आणि बराच वेळ काहीच नाही. माणसांचा आवाज अजिबात नव्हता.

नदीच्या पलीकडे, साडेतीनशे मीटरवर, शाळेच्या आढ्यावर माणसं बसली होती. दुर्बिणीतून मोजली. तेवीस. शाळा जुनी, मातीत रचलेल्या विटांची. पाणी खिडक्यांच्या वर होतं.

अकरा वीसला मी आणि शेळके पहिल्या बोटीने निघालो. मध्यावर ओढ इतकी होती की मोटर पूर्ण जोरात असूनही बोट मागे सरकत होती. बोटीच्या बाजूने अख्ख्या गवताच्या गंज्या वाहत जात होत्या. तीनदा शेळकेने मोटर उचलून साफ केली. तिसऱ्या वेळी बोट आडवी झाली आणि पाणी आत आलं. मी परत फिरायला सांगितलं. पाऊण किलोमीटर खाली आम्ही काठाला लागलो.

साहेबांनी बोट ट्रकवर घालून वर आणवली. त्यांचं म्हणणं होतं, आणखी वरून सुटू, दोन मोटरी लावू, लगेच निघू. बरोबरच होतं. भिंत केव्हा बसेल याचा भरवसा नव्हता.

काठावर एक बाई सकाळपासून उभी होती. पन्नाशीची, काष्ट्याचं लुगडं, अनवाणी. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दादा, आता जाव नको. नदी वढीला हाय. भरती लागली का ती उभी र्‍हाते. तवा जावा."

मी विचारलं, मावशी, तुम्ही कुठल्या. तिने खाडीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. माझ्या गावापासून चार मैलांवर. नाव गंगूबाई. मिठागरावर काम करायची. तिची मुलगी त्या वस्तीत दिलेली होती. ती आणि तिचा सासरा त्या आढ्यावर होते. ज्या बाईची मुलगी समोर आहे तीच थांबा म्हणत होती.

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, शाळेकडे पाहिलं. मग म्हणाले, "गोल. पाच मिनट."

चिखलात बावीस माणसं गोल करून उभी राहिली. गंगूबाईलाही घेतलं. साहेब म्हणाले, आज सर्वांत कनिष्ठ ह्या आहेत, ह्यांची सर्व्हिस आजच सुरू झाली. कुणी हसलं नाही. ती बोलली आणि मी तिचं हिंदी करत गेलो. खाडीतून भरती वर चढली की नदीचं पाणी पुढे जाऊ शकत नाही, तुंबून उभं राहतं. तेवढा वेळ ओढ नसते. पण पाणी वाढतं. किती, असं साहेबांनी विचारलं. तिने हात आडवा धरून दाखवलं. दीड वीत.

म्हणजे थांबलो तर ओढ कमी होणार होती आणि शाळेची भिंत आणखी दीड वीत भिजणार होती.

केव्हा, असं साहेबांनी विचारलं. गंगूबाईला घड्याळातली वेळ सांगता येईना. ती म्हणाली, वारा फिरंल तवा. मग मला वडिलांचा हिशोब आठवला. खारेपाटात तो सगळ्यांना येतो. तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी वद्य तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वा दोन. सव्वा दोनला खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती. नागोठण्यापर्यंत यायला आणखी पाऊण तास. मी म्हणालो, "सर, तीन वाजता." गंगूबाईने मान हलवली.

शेळके म्हणाला, पाणी उभं राहिलं की गवतही उभं राहील, दाटीने राहील, पण हळू गेलं तर टाळता येईल. एक सॅपर म्हणाला, समोरून दोर टाकता आला तर वेळ वाचेल. असं प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडलं. साहेब शेवटी बोलले. चौदा पन्नासला सुटायचं. प्रत्येक बोटीच्या दोन फेऱ्या. साडेतीनला सगळे काठावर.

दोन तास आम्ही उभे राहिलो. सर्व्हिसमधले सर्वांत लांब दोन तास. समोरची माणसं आम्हाला बघत होती आणि आम्ही काहीच करत नव्हतो. गंगूबाई पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. पाणी किती चढतं ते बघायला तिने चिखलात एक काडी रोवली होती.

अडीचनंतर वारा फिरला. खाडीचा वास आला, खारट, शेवाळाचा. मग नदी थांबली. मी खाडीवर जन्मलो, तरी असं पाहिलं नव्हतं. फेस जागच्या जागी उभा राहिला. गवताच्या गंज्या फिरायच्या थांबल्या. वाहून चाललेली एक पाटी, कुणाच्या तरी घरातली, हलेनाशी झाली. आभाळ पाण्यात आलं. आम्ही त्या आभाळावरून बोटी घातल्या. मोटर इतकी हळू चालली होती की वल्ह्याचं पाणी गळताना ऐकू येत होतं. मला मध्येच असं वाटलं की मी लहान आहे, होडीच्या पुढच्या टोकाला बसलोय आणि मागे वडील आहेत. मागे वळून पाहिलं तर शेळके होता. मान एका बाजूला कलती, कान मोटरीकडे.

पहिल्या फेरीत बारा माणसं आणली, दुसऱ्या बोटीने सात आणि आम्ही पाच. बावीस मिनिटं लागली. दुसऱ्या फेरीत दुसरी बोट पाच जणांना घेऊन आमच्या आधी परतली. आमच्या वाट्याला सहा राहिले. त्यात गंगूबाईची मुलगी आणि तिचा सासरा होता. म्हाताऱ्याच्या पायांत बळ नव्हतं. घसरू नये म्हणून घरच्यांनी त्याला वाशांना बांधलं होतं. गाठी भिजून आवळल्या होत्या. सोडवायला आणि त्याला उतरवायला बारा मिनिटं गेली. कुणाचा दोष नाही.

आमच्याकडे जादा लाइफ जॅकेटं पाच होती. माणसं सहा. शेळकेने आपलं जॅकेट काढून त्या मुलीला घातलं. हा नियमभंग होता. मी पाहिलं. मी काही बोललो नाही.

पंधरा अडतीसला शाळेपासून निघालो. अर्ध्यावर आलो तेव्हा फेस पुन्हा चालू लागला. मग नदी सुटली. रेडिओवर साहेबांचा आवाज आला, वेग वाढवा. वरून एक आंब्याचं झाड आलं, मुळांसकट, फिरत. फांद्या माणसांच्या बाजूला येऊ नयेत म्हणून शेळकेने बोट वळवली. त्या त्याच्या बाजूला आल्या. एक फांदी बोटीच्या कडेत अडकली आणि बोट झाडाबरोबर ओढली जाऊ लागली. तो उभा राहिला आणि वल्हं लावून फांदी रेटली. फांदी सुटली. सुटताना फिरली आणि तिने त्याला बरोबर नेलं. तो ओरडला नाही. त्याचं डोकं एकदा दिसलं, बरंच लांब.

मी मागे सरकून हँडल धरलं. रेडिओ दुसऱ्या हातात होता. रेडिओवर आल्फा म्हणजे साहेब, ब्रॅव्हो म्हणजे आमची बोट.

"ब्रॅव्हो, आल्फा. रिपोर्ट. ओव्हर."

"आल्फा, ब्रॅव्हो. सहा सिव्हिलियन बोटीत. एक माणूस पाण्यात. आमचा. ओव्हर."

साहेब म्हणाले, "रॉजर. आधी सिव्हिलियन. आउट."

मी बोट काठाकडे वळवली. शंभर मीटर राहिले असतील. माझ्या हाताला कळलं. आवाज पातळ झाला होता. बोटीत कुणालाही ते ऐकू आलं नसेल. थ्रॉटल सोडला, मोटर उचलली, पंख्याचं गवत ओढून काढलं, मोटर टाकली, दोरी ओढली. पहिल्या ओढीला चालू झाली. तेवढा वेळ मी विचार केला नाही. हात करत होते, आणि ते हात माझे आहेत असं मला वाटत नव्हतं.

पंधरा बावन्नला आम्ही काठाला लागलो. सहाही माणसं उतरली. दुसरी बोट खाली शोधायला गेली होती. उजेड असेपर्यंत ती फिरली. शाळेची मागची भिंत सव्वाचारला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रोह्याच्या एका शाळेत, जिथे आमचा मुक्काम होता, गोल लागला. एकवीस माणसं. सगळ्यांत नवा सॅपर आधी बोलला. नंतर माझी पाळी आली तेव्हा मी जॅकेटचं सांगितलं. मी पाहिलं आणि गप्प राहिलो, हे सांगितलं. रजिस्टरात माझ्याच अक्षरात ते लिहिलं. कुणी मला दोष दिला नाही. त्या दिवसापासून कंपनीत ठरलं की समोरची माणसं आणि जॅकेटं मोजल्याशिवाय बोट काठ सोडणार नाही. भरतीचा हिशोबही त्याच पानावर लिहिला. तिथी, पाऊणपट, खाडीच्या तोंडापासूनचं अंतर. खाली लिहिलं, माहिती देणार गंगूबाई, मिठागर कामगार.

ते पान नंतर नकलून दुसऱ्या कंपन्यांना गेलं. दोन वर्षांनी एका अनोळखी सुभेदाराचा फोन आला. तो दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नदीच्या तोंडाशी उभा होता. त्याने विचारलं, हे गंगूबाई का हिसाब आमच्याकडे चालेल का. मी म्हणालो, वेळ तुमच्याकडच्या कोळ्यांना विचारा, थांबायचं की नाही ते तुम्हाला त्यावरून कळेल. त्याने विचारलं. त्याची माणसं सगळी परत आली.

शेळके आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडला. आमच्या शोधाने नाही. गंगूबाईच्या गावच्या चार माणसांनी त्या ओहोटीने काय कुठे नेऊन टाकलं असेल याचा आपसांत बसून विचार केला, होडी घेतली आणि सरळ खाडीतल्या तिवरांच्या एका बेटाकडे गेले. तो तिथे होता. आम्ही पोहोचलो तेव्हा गावच्या बायकांनी त्याला गोड्या पाण्याने धुऊन पांढऱ्या कापडात ठेवला होता. गोडं पाणी तिकडे टँकरचं असतं.

कारखान्यात मी हे सगळं सांगत नाही. तिथे मी फक्त शिफ्ट बदलताना सगळ्यांना दहा मिनिटं थांबवतो. जिते, निडी, पेण, कुठून कुठून आलेली माणसं असतात, कंत्राटी असतात, कायम असतात. सर्वांत नवा असेल तो आधी बोलतो. परवा एक कामगार म्हणाला की तीन नंबरचा पंप आज वेगळा वाजतोय, का ते सांगता येत नाही. मी त्याच्या सुपरवायझरला म्हटलं, त्याच्याबरोबर जाऊन उभा राहा, तुला ऐकू येईपर्यंत.

शेळकेला घेऊन त्याच्या गावी मी गेलो होतो. क्रियाकर्म झाल्यावर तेराव्यालाही गेलो. कृष्णा त्याच्या घरापासून दिसते. त्याची बायको आत होती. आई ओसरीवर बसली होती. त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले. तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, तिकडं तो करायचा काय? कारण घरी त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. रजेवर यायचा, पाण्यात डुंबायचा, जेवायचा आणि जायचा.

मी सांगायला लागलो. मोटर कशी असते, ती कशी वाजते, त्याला कसं कळायचं. तलावावर डोळे मिटून आम्ही कसे फिरायचो. त्याची अकरा पानं मला पाठ होती. ती मी त्याच्याच शब्दांत म्हटली, तो म्हणायचा तशी. त्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली. शेजारची माणसं आली. ऊन उतरलं तरी मी सांगत होतो.

शेवटी आई म्हणाली, "एवढं बोलायचा व्हय रं त्यो?"

मी म्हणालो, "बोलायचा, आई. आम्ही सगळे ऐकायचो."